हे स्टार दिले कोणी?

इंदापूरहून बारामतीला सिनेमा बघायला जायचं तर पन्नासेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. घरातली चार-पाच माणसं, पेट्रोल, तिकिटं, मध्यंतरातलं खाणं आणि गळीत हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्यांमागून रात्रीचा परतीचा रस्ता. एवढं सगळं करायचं तर सिनेमा कसा आहे याची चौकशी आधी होणारच. समजा, मोबाइलवर दोन नावं दिसतात. एकाला दहापैकी ९.६ गुण आहेत, पण मत दिलंय फक्त ४० जणांनी. दुसऱ्याला ८.१, आणि मतं आहेत ४० हजार. पहिल्या सिनेमाच्या नावापुढे कॉलेजातल्या मित्रानं स्टेटसला पाच स्टार टाकलेत. त्याच सिनेमाबद्दल मामांचा निरोप आलाय, 'पैसे घालवू नका.'

आता विश्वास कोणावर ठेवायचा? दोन्ही आकडे बरोबर असतील, मित्रही प्रामाणिक असेल आणि मामाही. हे सगळं एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते समजायला आकडा तयार कसा होतो ते पाहावं लागतं.

नाव होतं तेव्हाचे स्टार

सिनेमाला स्टार देण्याची पद्धत शंभर वर्षांच्या घरातली आहे. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वृत्तपत्रात १९२८ साली आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी परीक्षणासोबत स्टार द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते तीनपैकी असत. आपल्याकडे १९३५ मध्ये बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केलं आणि त्यांच्या धारदार परीक्षणांची निर्मात्यांना धास्ती वाटू लागली. या दोन्ही ठिकाणी मत कोणाचं, हे वाचकाला माहीत होतं. नियमित वाचणाऱ्याला त्या माणसाच्या आवडीनिवडी कळून चुकत. अमुक एक समीक्षक संगीतप्रधान सिनेमांवर नेहमीच उखडतो हे ठाऊक असलं, की त्याच्या दोन स्टारचे आपण मनातल्या मनात तीन करून घेत असू.

१९९० मध्ये ब्रिटनमधल्या कॉल नीडम या सिनेमावेड्या माणसानं सिनेमांची संगणकावरची जंत्री सुरू केली. तिचंच पुढे आयएमडीबी झालं आणि १९९८ मध्ये ॲमेझॉननं ते विकत घेतलं. इथून मत देण्याचा हक्क कोणालाही मिळाला, ही मोठीच गोष्ट झाली. पण हजारो मतांची सरासरी काढताना मत देणाऱ्याचं नाव, वय, गाव, आवड हे सगळं पुसलं जातं. हातात फक्त ८.१ उरतं. आकडा वाचताना जी गफलत होते, ती बहुतेक वेळा या पुसण्यातून होते.

माती कुठून उचलली?

माती परीक्षणाला नमुना कसा घ्यायचा, हे इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. बांधाकडेची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, शेणखताच्या ढिगाजवळची तर मुळीच नाही. रानात नागमोडी फिरत पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यायची, ती एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. उकिरड्याशेजारची मूठभर माती प्रयोगशाळेत पाठवली तर अहवाल चुकीचा येणार नाही, त्या मुठीबद्दल तो अगदी बरोबरच असेल. पण रानाबद्दल तो काहीही सांगणार नाही.

सिनेमाच्या मतांचा नमुना असा कोणी रानभर फिरून घेत नाही. ज्याला वाटतं तो मत देतो. मग वाटतं कोणाला? ज्याला सिनेमा फार आवडला किंवा ज्याचं डोकं फिरलं, त्याला. 'ठीक होता, वेळ गेला' असं म्हणणारा घरी येऊन झोपतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वस्तूंवरच्या अभिप्रायांचा अभ्यास करणाऱ्या नान हू, पॉल पाव्हलू आणि जी झांग या संशोधकांनी २००९ मध्ये हेच दाखवलं. पाच स्टारवाले भरपूर, एक स्टारवाले थोडे पण ठळक, आणि मधले दोन-तीन-चार विरळ. त्यांनी दोन कारणं सांगितली. मुळात वस्तू घेतो तोच, ज्याला ती आवडण्याची शक्यता जास्त असते. आणि घेतल्यावर बोलतो तोच, ज्याला टोकाचं काही वाटलेलं असतं. सिनेमाला हे जसंच्या तसं लागू पडतं. आवडत्या नटाचा सिनेमा असेल तर त्याचे चाहते पहिल्या दिवशी जातात आणि मतही तेच देतात.

याहून मोठा प्रश्न नमुन्यात नसलेल्या माणसांचा आहे. २०२३ च्या ३० जूनला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. बायका घोळक्यानं, एकमेकींना फोन करून, नटूनथटून थिएटरात गेल्या आणि त्यांनी तो सिनेमा आठवड्यामागून आठवडे चालवला. भिशीतल्या, भजनी मंडळातल्या, शाळेच्या स्टाफरूममधल्या या बायकांपैकी कितीजणींनी घरी येऊन ॲप उघडलं असेल आणि दहापैकी गुण दिले असतील? त्यांचं मत 'तू बघून ये गं' या शब्दांत दिलं गेलं. ते तिकिटबारीवर दिसलं, सरासरीत फारसं उतरलं नाही. माझ्या मते आज सिनेमांच्या गुणांमधली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. साठीतल्या आजी, शेतावर राबणारी जोडपी, निमगाव केतकीहून किंवा बावड्याहून मोटारसायकलवर आलेली पोरं, असा किती तरी मराठी प्रेक्षक सिनेमा बघतो, त्यावर तासभर बोलतो, पण आकड्यात तो सापडत नाही. आकडा शहरी, तरुण आणि मोबाइलवर सराईत असलेल्यांच्या बाजूला झुकतो.

चाळीस मतं आणि चाळीस हजार मतं

आता सुरुवातीच्या दोन सिनेमांकडे येऊ. ९.६ वाल्याची ४० मतं कोणाची असतील? सिनेमा नवा आणि छोटा असेल तर त्यातली बरीचशी कलाकारांच्या मित्रांची, नातेवाइकांची असणं स्वाभाविक आहे. यात लबाडी असतेच असं नाही. आपल्या पोराचा सिनेमा आईला दहापैकी दहाच वाटतो.

यावर गणितात एक सोपा उपाय आहे. प्रत्येक सिनेमाच्या खात्यात सुरुवातीलाच काही काल्पनिक 'मध्यम' मतं टाकून ठेवायची. समजा, सगळ्या सिनेमांची मिळून सरासरी ६.५ आहे. मग प्रत्येक सिनेमाला ६.५ ची एक हजार मतं आधीच मिळालीत असं धरायचं आणि खरी मतं त्यात मिसळायची.

पहिल्या सिनेमाचं गणित असं होईल: ४० मतं ९.६ ची, १,००० मतं ६.५ ची. बेरीज ६,८८४, भागिले १,०४०. उत्तर ६.६. दुसऱ्याचं: ४० हजार मतं ८.१ ची, १,००० मतं ६.५ ची. बेरीज ३,३०,५००, भागिले ४१,०००. उत्तर ८.०६. पहिला सिनेमा धाडकन खाली आला, दुसरा जवळजवळ जागेवर राहिला.

पहिला सिनेमा वाईट आहे असा याचा अर्थ होत नाही. त्याच्याबद्दल आपल्याला अजून पुरेसं कळलेलं नाही, एवढंच हे गणित म्हणतं. मतं वाढत गेली आणि तरीही ९.६ टिकलं, तर तो आपोआप वर चढेल. आयएमडीबीनं आपल्या अव्वल २५० सिनेमांच्या यादीसाठी अनेक वर्षं हेच सूत्र उघडपणे छापलं होतं. शिवाय प्रत्येक मताला सारखं वजन दिलं जात नाही, हेही ते सांगतात. ते वजन कसं ठरतं, हे मात्र मुद्दाम गुप्त ठेवतात, कारण ते उघड झालं तर ठरवून आकडा फुगवणाऱ्यांचं किंवा पाडणाऱ्यांचं फावेल.

तुम्हाला कागद-पेन्सिल घेऊन हे करायची गरज नाही. गुणांशेजारी मतांची संख्या छोट्या अक्षरात असते, ती आधी वाचायची सवय लावली तरी निम्मं काम होतं.

> चौकट: कोणता आकडा काय मोजतो?
>
> आयएमडीबी: जगभरच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांनी दहापैकी दिलेल्या गुणांची भारित सरासरी. सिनेमा किती आवडला, याचा अंदाज देते.
>
> रॉटन टोमॅटोज: समीक्षकांपैकी किती टक्के लोकांनी अनुकूल लिहिलं, ते सांगतं. किती आवडला, ते सांगत नाही. दहाच्या दहा समीक्षकांनी 'बरा आहे' म्हणत पाचपैकी तीन दिले, तर १०० टक्के. आठजणांनी पाचपैकी पाच आणि दोघांनी एक दिला, तर ८० टक्के. सरासरी मात्र पहिल्याची ३, दुसऱ्याची ४.२.
>
> सिनेमास्कोर: अमेरिकेत १९७९ पासून चालू. पहिल्या रात्री थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेतात आणि शाळेसारखी श्रेणी देतात. अपेक्षा पुरी झाली का, हे यातून कळतं.
>
> बुकमायशो: प्रदर्शनाआधी दिसतो तो 'उत्सुक' लोकांचा आकडा. त्यातल्या कोणीही सिनेमा पाहिलेला नसतो. प्रदर्शनानंतर दहापैकी गुण दिसतात. हे दोन आकडे एक समजू नयेत.

आधीचा आकडा बघून दिलेला आकडा

आपलं मत आपलंच असतं, असं आपल्याला मनापासून वाटतं. पण मत देण्याआधी पडद्यावर ८.९ दिसत असेल, तर चार द्यायला हात अडखळतो.

अमेरिकेतल्या मॅथ्यू साल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी यावर एक सुंदर प्रयोग केला, तो २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी अपरिचित बँडची ४८ गाणी घेतली आणि सुमारे १४ हजार लोकांना ती ऐकायला, गुण द्यायला आणि हवी तर उतरवून घ्यायला दिली. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत विभागलं होतं, आणि आपल्या गटात कोणतं गाणं आधी किती जणांनी उतरवून घेतलंय, ते त्यांना दिसत असे. गाणी तीच, माणसंही सर्वसाधारणपणे सारखीच. तरी वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी डोक्यावर घेतली गेली. एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात ४८ पैकी ४० वं. फार चांगली गाणी सहसा पडली नाहीत, फार वाईट सहसा चढली नाहीत. मधल्या मोठ्या गर्दीचं नशीब मात्र पहिल्या काही श्रोत्यांनी ठरवलं.

२०१३ मध्ये 'सायन्स'मध्येच आलेल्या दुसऱ्या प्रयोगात संशोधकांनी वाचकांच्या टिपणांवर पहिलं मत मुद्दाम स्वतःच नोंदवलं, तेही चिठ्ठी टाकल्यासारखं कुठलंही टिपण निवडून. ते एक मत अनुकूल असेल, तर त्या टिपणाची शेवटची बेरीज सरासरीनं २५ टक्के जास्त झाली. प्रतिकूल मत दिलं तेव्हा मात्र पुढच्या लोकांनी ते भरून काढलं. म्हणजे खोट्या कौतुकामागून लोक जातात, खोट्या निंदेला ते बऱ्यापैकी आवर घालतात.

शुक्रवारच्या पहिल्या खेळानंतरच्या गुणांवर मी म्हणूनच फार भिस्त ठेवत नाही. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला तेव्हा सुरुवातीची परीक्षणं थंड होती, धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असंच धरलं होतं. पुढे तोच मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. तेव्हा थिएटरवाले सिनेमाला पाय रोवायला दोन-तीन आठवडे देत. आज दुसऱ्या शुक्रवारी पडदा दुसऱ्याला जातो, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतल्या मतांना नको इतकी ताकद आली आहे. ज्या छोट्या मराठी सिनेमाचा प्रेक्षक तालुक्याच्या गावातून रविवारी निघतो, त्याचं यात खरोखर नुकसान होतं.

शेवटच्या वीस मिनिटांचे गुण

आणखी एक गुंता आपल्या डोक्यातला. अडीच तासांच्या अनुभवाचा एक आकडा करताना मेंदू मिनिटामिनिटाची सरासरी काढत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये काही लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच मिनिटभर, आणि वर आणखी अर्धं मिनिट, ज्यात पाण्याचा गारवा हळूच एका अंशानं कमी होत गेला. यातलं कोणतं पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं. त्रास जास्त वेळ होता, पण शेवट किंचित सुसह्य होता. लक्षात राहतो तो अनुभवाचा कळस आणि शेवट, असा त्यांचा निष्कर्ष. सिनेमाचा शेवट फसला की आधीची दीड तासाची मजा आपण विसरतो आणि दोन स्टार देऊन मोकळे होतो, त्यामागे हेच आहे.

या नियमाची खरी परीक्षा घेणारा सिनेमा इंदापूरच्या अगदी शेजारी घडला. उजनीच्या फुगवट्यापलीकडे करमाळा तालुका, तिथल्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे. नीरेपलीकडे अकलूज, तिथली शाळकरी नायिका रिंकू राजगुरू. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. पूर्वार्धात प्रेक्षक खुर्च्या सोडून 'झिंगाट' या गाण्यावर नाचले. शेवटी तेच प्रेक्षक खुनानंतरचं दृश्य आवाजाविना बघत बसून राहिले आणि दिवे लागल्यावर कोणाशी न बोलता बाहेर पडले. मध्यंतरात विचारलं असतं तर अनेकांनी पाचपैकी पाच म्हटलं असतं. शेवटानंतर काहींनी पाचच दिले, पण कारण पूर्ण बदललेलं होतं. आणि काहींनी रागानं एक दिला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. तिथल्या प्रेक्षकाला विहिरीतल्या उड्या, क्रिकेटचे सामने, केळीच्या बागा हे सगळं नवं होतं. इंदापूरच्या प्रेक्षकाला त्यातला एकेक शब्द घरचा होता. नायिका आर्चीच्या बापासारखा पुढारी त्यानं पाहिलेला होता, आणि नायक परश्याची भीती कोणाच्या वाट्याला येते हेही त्याला माहीत होतं. गावातला कोण कुठे बसून, कोणत्या जातीच्या घरातून हा सिनेमा पाहतो, यावर तो कसा वाटतो हे ठरत होतं. या साऱ्या पाहण्याची सरासरी काढून एक दशांश आकडा तयार होतो, आणि तो खोटा नसतो. पण 'सैराट'नं या मुलखात काय केलं, हे त्यातून कोणाला कळणार नाही. ते कळतं दहा माणसांना वेगवेगळं विचारल्यावर.

मामांचे दोन, मित्राचे पाच

उरला मामा आणि मित्राचा प्रश्न. याचं सर्वांत चांगलं उत्तर एका स्पर्धेतून मिळालं. ऑक्टोबर २००६ मध्ये नेटफ्लिक्सनं दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले दहा कोटी स्टार त्यांनी नावं काढून खुले केले. कोणता ग्राहक कोणत्या सिनेमाला किती स्टार देईल, हे कंपनीच्या तेव्हाच्या पद्धतीपेक्षा दहा टक्क्यांनी अचूक सांगायचं होतं. जगभरचे गणिती त्यावर जवळजवळ तीन वर्षं झटले. शेवटी दोन संघांचं उत्तर सारखंच अचूक निघालं, आणि बक्षीस मिळालं ते वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणाऱ्या संघाला.

या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट फार साधी होती. काही माणसं हात सैल सोडून स्टार देतात, काही आखडता घेतात. आधी तेवढा फरक दुरुस्त करायचा. समजा, सगळ्या मतांची सरासरी ३.५ आहे. एक सिनेमा सरासरीपेक्षा ०.६ नं चांगला मानला जातो, आणि मामा नेहमीच ०.८ नं कमी देतात. तर मामांकडून या सिनेमाला ३.३ अपेक्षित आहेत. त्यांनी चार दिले, तर सिनेमा त्यांना खूपच आवडला असं समजावं. मित्र प्रत्येक सिनेमाला पाच देत असेल, तर त्याच्या पाचातून कळतं ते एवढंच, की त्यानं सिनेमा पाहिला.

पुढे २०१७ मध्ये नेटफ्लिक्सनं स्टार काढूनच टाकले आणि अंगठा वर किंवा खाली एवढंच ठेवलं. चाचणीत लोक आधी स्टार देत त्याच्या तिप्पट वेळा अंगठा दाखवत होते. शिवाय कंपनीच्या ध्यानात आलं होतं, की गंभीर माहितीपटाला पाच स्टार देणारा माणूस रात्री बघतो तो तीन स्टार दिलेला विनोदी सिनेमा. स्टार देताना आपण कोण असायला हवं ते सांगतो, आणि बघताना आपण कोण आहोत ते.

हे सगळं तुम्हाला एका वहीत करता येईल. मित्रांचा, घरच्यांचा दहाजणांचा गट असेल तर प्रत्येकानं पाहिलेल्या पंधरा-वीस सिनेमांचे स्टार लिहून काढा. प्रत्येकाची स्वतःची सरासरी काढा आणि एकेक सिनेमाला तो तिच्यापेक्षा किती वर गेला, किती खाली, तेवढंच टिपा. मग कोणाचे चढ-उतार तुमच्याशी जुळतात ते शोधा. कंपन्यांच्या शिफारशींचं मोठं यंत्र मुळात हेच करतं, फक्त कोट्यवधी माणसांवर. वहीत एक रकाना सिनेमा कुठे, कोणाबरोबर पाहिला याचाही ठेवा. मोबाइलवर तुकड्यातुकड्यानं पाहिलेल्या सिनेमाचे स्टार आणि भरल्या थिएटरातले स्टार एका रांगेत बसत नाहीत. आजीचं आणि आईचं मतही विचारून लिहा, कारण ते दुसरीकडे कुठेच नोंदवलं जाणार नाही.

आणि गटात असा कोणी सापडला, की त्याला आवडलेलं तुम्हाला हटकून आवडत नाही, तर त्यालाही धरून ठेवा. ज्याचं मत कधी जुळतं, कधी नाही, त्याच्यावरून काहीच अंदाज बांधता येत नाही. पण मामांचं तुमच्याशी दरवेळी उलटच जात असेल, तर 'पैसे घालवू नका' असा त्यांचा निरोप आला की बारामतीची तिकिटं काढायला हरकत नाही.